कडीतला सांधा

दर रविवारी सकाळी चहा झाला की मी नवऱ्याला बाल्कनीतल्या खुर्चीवर बसवायची, मान मागे टाकायला लावायची आणि त्याच्या तोंडात टॉर्च मारायची. समोरच्या बिल्डिंगमधली जपानी आजी नेमकी त्याच वेळी गाद्या वाळत घालायला बाहेर यायची. आमचा हा काहीतरी धार्मिक विधी आहे असं तिला वाटत असणार. ती कमरेत वाकून नमस्कार करायची, मीही हातातला आरसा तसाच धरून वाकायची, आणि नवरा तोंड उघडं ठेवून बसलेला असायचा.

त्याच्या उजव्या गालाच्या आतल्या बाजूला, खालच्या दाढेसमोर, तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा चट्टा होता. बोळ्याने पुसून निघत नव्हता. असे चट्टे मी ठाण्याच्या माझ्या दवाखान्यात अकरा वर्षं पाहिले होते. बहुतेक चट्टे नुसते चट्टेच राहतात, काही राहत नाहीत, आणि कोणता राहणार नाही हे बघून सांगता येत नाही. टोकियोतल्या हॉस्पिटलात तुकडा काढून तपासून झाला होता. सध्या धोका नाही, पण सिगारेट थांबवा आणि दर सहा महिन्यांनी या, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी हेच लग्न झाल्यापासून सांगत होते, आणि तेही फुकट.

जपानात मी दातांची डॉक्टर नव्हते. तिथे प्रॅक्टिस करायची तर तिथली परीक्षा द्यायची, तीही जपानीतून, आणि माझी गाडी हिरागाना या पहिल्या सोप्या लिपीपाशीच थांबली होती. नवऱ्याच्या बँकेने त्याला टोकियोला पाठवलं तेव्हा मी दवाखाना एका ज्युनियरकडे सोपवला आणि एक स्टीलचा डबा तेवढा बरोबर घेतला. त्यात माझी हातातली हत्यारं होती: आरसे, प्रोब, बर्निशर आणि बर. बर म्हणजे दात कोरायच्या ड्रिलच्या टोकाला लावतात ती बारीक पाती. ड्रिल नसताना बर कशाला नेतेस, असं त्याने विचारलं होतं. मी म्हटलं, असू दे.

आम्ही टोकियोला लागून असलेल्या उरायासुत राहत होतो. दोन हजार अकराच्या मोठ्या भूकंपाला तीन-चार वर्षं झाली होती, तरी घरापासून स्टेशनपर्यंतचा फूटपाथ एका ठिकाणी अजून वरखाली होता आणि तिथला विजेचा खांब तिरका होता. नवरा रोज तिथून टोकियोला जायचा आणि मी दिवसभर घरात असायची. भाज्या इतक्या बारीक आणि एकसारख्या चिरायची की जेवायला आलेल्या मराठी बायका फोटो काढायच्या. मला त्या फोटोंचा राग यायचा.

सिगारेट सोडायची म्हणून त्याने ई-सिगारेट घेतली, ती माझ्याच भुणभुणीने. निकोटिनचं लिक्विड तिथल्या दुकानात मिळत नसे, परदेशातून स्वतःपुरतं मागवावं लागे. ते आलं, त्याने हौसेने ई-सिगारेटचा छोटा टँक भरला, दोन दिवस ओढला आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा सिगारेटचं पाकीट घेऊन आला. म्हणाला, ओढलीच जात नाही. टँकच्या तळाशी एक पितळेची कडी असते, वरून चकचकीत मुलामा दिलेली. तिच्या कुशीत एक भोक असतं, त्यातून हवा आत जाते आणि वाफ तयार होते. ते भोक एक मिलिमीटरचं होतं. गाल आत जाईपर्यंत ओढलं तरी वाफ चिमूटभरच यायची. मी म्हटलं, सवय होईल. सवय झाली नाही.

मग एका सोमवारी संध्याकाळी तो घरी आला तोच हसत. बूट काढायच्या आधी दारातच त्याने एक झुरका मारून दाखवला. भरपूर वाफ निघाली, अननसाचा वास आला. ऑफिसातल्या एका बाईने कडीचं भोक वाढवून दिलं होतं. जेवायच्या सुट्टीत, आपल्या टेबलावर बसून, एका छोट्या हाताने फिरवायच्या ड्रिलने, एक मिलिमीटरचं सव्वा मिलिमीटर.

या बाईचं नाव मी इथे लिहीत नाही. तेव्हाही घेत नसे. तो '-सान' लावून आदराने नाव घ्यायचा आणि मी 'तुझी ती ऑफिसातली' म्हणायची. पन्नाशीची, एकटी राहणारी, केस कानापर्यंत कापलेले. ती बँकेत परदेशी लोकांची कागदपत्रं बघायची: व्हिसा, घराचे करार, इन्शुरन्स. माझ्या व्हिसाचा फॉर्मही तिनेच भरला होता. त्यात 'व्यवसाय' या रकान्यात तिने सुरेख, छापल्यासारख्या अक्षरात 'नाही' असं लिहिलेलं होतं. ते खरंच होतं, आणि मी त्याखाली सही केली होती. घरी ती रेल्वे स्टेशनांची छोटी मॉडेल्स बनवायची, आगपेटीएवढी, त्यात दिव्याचे खांब, बाकडी, कचऱ्याचे वेगवेगळे डबेसुद्धा. त्यासाठी तिच्याकडे बारीक बारीक ड्रिल असायची.

ती सुंदर असती तर सोपं गेलं असतं. मग काय करायचं ते कोणत्याही बायकोला कळतं. पण नवरा तिच्या डोळ्यांबद्दल बोलत नव्हता, हातांबद्दल बोलत होता. 'काय हात आहे गं त्या बाईचा, एक थेंब घाम नाही, एक थरथर नाही,' असं तो मला सांगत होता. मला, जिने हजारो दाढा कोरल्या होत्या, जिच्या हाताखाली माणसं झोपी जायची. अकरा वर्षांत त्याने एकदाही माझ्या हाताबद्दल असं म्हटलं नव्हतं. त्याच्या अक्कलदाढेचं काम मीच केलं होतं, तेव्हा फक्त 'संपलं का?' एवढं विचारलं होतं.

तो झोपलेला असताना नव्हे, भर दुपारी, तो टँक विसरून गेला होता तेव्हा, मी ती कडी काढून भिंगाखाली बघितली. काहीतरी खोट सापडेल अशी मला आशा होती. कडेला एकही खरबड नव्हती. भोक अगदी गोल, अगदी सरळ गेलेलं, आतून गुळगुळीत. मी असं काम केलं असतं तर स्वतःवर खूश झाले असते. माझ्या पोटात दुखायला लागलं, आणि ते तसंच राहिलं.

सिगारेट मात्र सुटली. पहिल्या आठवड्यात दिवसाला तीन, मग एक, मग शून्य. कोटाला वास येईनासा झाला. रविवारी बाल्कनीत टॉर्च मारला तेव्हा चट्ट्याच्या कडा पुसट वाटल्या. मी त्याला सांगितलं तेव्हा तो खुर्चीतून उठला आणि म्हणाला, 'उद्या त्यांना सांगतो, खूश होतील.' त्याचा चट्टा. माझा टॉर्च. आणि खूश ती होणार.

आपण काय विचार करतोय हे मला कळत होतं, असं नाही की कळत नव्हतं. नवरा बरा होतोय आणि आपण जळतोय. मी स्वतःला चार शब्द सुनावले, देवापुढे दिवा लावला आणि त्या रात्री स्वप्नात तिचेच दात उपटले.

मग त्याने तिला घरी जेवायला बोलावलं. मी पुरणपोळी केली. इतर कोणासाठी ही खटपट केली नसती, पण तिच्यासाठी केली, कारण पोळी फाटू न देता लाटणं हेही हाताचंच काम आहे. ती बरोबर पावणेबाराला आली आणि माझ्यासाठी काडीच्या जाडीचा एक दिव्याचा खांब घेऊन आली, मॉडेलमधला, काचेच्या डबीत. तिने पोळी दोन्ही हातांनी उचलून उजेडात धरली, कडेपासून मध्यापर्यंत सारखी जाडी बघितली आणि मान डोलावली. मला ते आवडलं, आणि आवडलं म्हणून आणखी राग आला.

जेवण झाल्यावर नवरा तिला म्हणाला की माझी बायकोही पूर्वी डॉक्टर होती, दातांची. माझ्या हातात ताटं होती. मी ती ओट्यावर ठेवली, बेडरूममध्ये गेले आणि स्टीलचा डबा आणून तिच्यासमोर उघडला. का, ते मला सांगता येणार नाही. पूर्वी होते म्हणे. तिने एकेक हत्यार न उचलता, वाकून, नीट बघितलं. बर बघितले, त्यांची टोकं बघितली. एका गुळगुळीत, गोल टोकाच्या हत्याराकडे बोट दाखवून हे कशासाठी, असं विचारलं. तो बर्निशर होता. मी माझ्या मोडक्या जपानीत आणि हातवाऱ्यांनी सांगितलं की दातात सोन्याचा तुकडा बसवला की त्याची कड याने दाबून दाबून दातावर बसवायची, म्हणजे सांधा जिभेला लागत नाही. तिने ते समजून घेतलं. मग तिने माझ्या व्हिसाच्या फॉर्मबद्दल माफी मागितली, की व्यवसायात काय लिहायचं ते मी तुम्हाला विचारायला हवं होतं. मी म्हटलं, त्यात काय. ती गेल्यावर नवरा म्हणाला, किती सभ्य बाई आहे. मी भांडी जरा जोरातच घासली.

एवढ्यावर थांबले असते तर हे लिहायची वेळ आली नसती. पण एक दिवस झुरका मारता मारता तो सहज बोलून गेला की आता झकास चालतंय, अजून केसभर मोकळं असतं तर आणखी मजा आली असती, पण त्यांना पुन्हा पुन्हा काय सांगायचं. माझे हात शिवशिवायला लागले. दुसऱ्याच दिवशी मी सायकलवर शंभर येनच्या दुकानात गेले आणि तिच्याकडे होतं तसं हाताने फिरवायचं छोटं ड्रिल घेऊन आले. ते तांदळाच्या डब्यात लपवून ठेवलं. तांदूळ तो कधी काढत नसे.

संधी आली त्याच्या ऑफिसच्या वार्षिक वैद्यकीय तपासणीच्या दिवशी. त्या सकाळी उपाशी जायचं, काही ओढायचं नाही, म्हणून टँक घरीच राहिला. तो गेला, मी केस बांधले, टेबलावर पांढरा टॉवेल अंथरला, दिवा ओढून घेतला. कडीभोवती चिकटपट्टी गुंडाळून ती घट्ट धरली आणि त्या हाताच्या ड्रिलमध्ये माझा गोल बर बसवला. पहिल्या चार फेऱ्यांत सोनेरी भुगा पडला. दोन वर्षांनी माझ्या बोटांखाली काहीतरी कोरलं जात होतं. मला रडू आलं, आनंदाचं. तेही लिहायला हवं.

आता चूक कशी झाली ते. केसभर मोकळं करून थांबायचं होतं. पण बर हाताने फिरवला की जरा हेलकावतो, आणि एका बाजूची कड खरबडीत झाली. खरबडीत कड आमच्या धंद्यात सोडत नाहीत. मी ती साफ केली. साफ केली तर समोरची बाजू कमी वाटली, म्हणून तीही घेतली. मग बाहेरच्या तोंडाला किंचित उतार दिला, जसा दातात देतात, कड नाजूक राहून तुटू नये म्हणून. दातात हे सगळं करताना शेवटी त्यात काहीतरी भरायचं असतं, त्यामुळे हात मोकळेपणाने चालतो. खड्डा थोडा मोठा झाला तर काही बिघडत नाही, उलट भरण चांगलं धरतं. हे भोक भरायचं नाहीये, हे भोकच काम करणार आहे, हे मला माहीत होतं. माझ्या हाताला माहीत नव्हतं. मी भिंग बाजूला ठेवलं तेव्हा ते देखणं दिसत होतं. मोजलं तर दोन मिलिमीटर.

मी कडी धुतली, भुग्याचा कण राहू दिला नाही, परत बसवली. संध्याकाळी त्याने झुरका मारला आणि टँककडे बघितलं. पुन्हा मारला. घशाला काही लागतच नाहीये, म्हणाला, नुसती हवा येतेय. मी म्हटलं, आतली वाफ करणारी कॉइल जुनी झाली असेल, बदल. त्याने कॉइल बदलली. नवी कॉइलही हवाच देत राहिली, आणि मी वरण गरम करत राहिले. सांगायची ती वेळ होती. पण सांगायचं म्हणजे, तिने नीट केलेलं मी बिघडवलं, असं सांगायचं.

दहा-बारा दिवसांनी मी सुपरमार्केटमधून सायकल ढकलत येत होते. स्टेशनसमोर सिगारेट ओढणाऱ्यांसाठी दुधी काचेचा आडोसा आहे, खाली वीतभर मोकळा. त्या मोकळ्या जागेत काळ्या बुटांची रांग होती, आणि त्यातले एक बूट माझ्या नवऱ्याचे होते. डाव्या बुटाची नाडी मीच बदलली होती, जराशी तपकिरी. मी तिथेच उभी राहिले. त्याला हाक मारावी असं मनात आलं नाही. मनात काय आलं तर, आता त्या बाईला कळेल की तिच्या भोकाने सिगारेट सुटली नाही. त्याच्या गालातल्या चट्ट्याच्या आधी मला ती आठवली. माझ्या जळफळाटाने कुठली पातळी गाठली होती ते मला त्या सायकलपाशी कळलं, आणि माझी मलाच शिसारी आली.

त्या रविवारी टॉर्च मारला. चट्ट्याच्या पुसट झालेल्या कडा परत उठून दिसत होत्या. त्याने तोंड मिटलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, 'वाढलाय का?' समोरची आजी गादी झटकत होती. मी म्हटलं, थोडा. मग मी म्हटलं, 'तो टँक त्यांना दाखव. त्या करतील नीट.' त्याने चमकून माझ्याकडे बघितलं, कारण मी पहिल्यांदाच 'तुझी ती' म्हटलं नव्हतं. हे एवढं वाक्य बोलायला मला किती जड गेलं ते मलाच ठाऊक.

सोमवारी तो टँक घेऊन गेला. बुधवारी संध्याकाळी एक कागदी पिशवी घेऊन आला. त्यांनी तुझ्यासाठी दिलीय, म्हणाला, टँक आतच आहे, आणि बहुतेक सेंबे पण आहेत, आंघोळ करून येतो मग बघू. जपानात राहून त्याला गरम पाण्याच्या टबात अर्धा तास बसायची सवय लागली होती. मी पिशवी उघडली. तांदळाच्या कुरकुरीत सेंबेचं पाकीट, टँक, एक छोटी प्लॅस्टिकची डबी आणि एक चिठ्ठी.

चिठ्ठी पूर्ण हिरागानात होती, मोठ्या अक्षरात, मला वाचता यावी म्हणून. मी बोट ठेवून वाचली; ओकुसान म्हणजे वहिनी. 'ओकुसान, डबीत पितळेची नळी आहे. बाहेरून दोन, आतून सव्वा. मला ती बसवता येणार नाही, कारण भोकाची कड उतरती आहे. कड दाबायचं हत्यार तुमच्या डब्यात त्या दिवशी पाहिलं होतं. तुमच्या नवऱ्याला मी काही बोललेले नाही.'

कानफटात बसल्यासारखं झालं. तिने कडी बघितली, कडेचा उतार बघितला, आणि हे कोणत्या हाताचं काम आहे ते ओळखलं. चिडली नाही, हसली नाही, नवऱ्यासमोर मला उघडं पाडलं नाही. वर माझंच हत्यार मला सुचवलं. एखाद्या बाईचा इतका द्वेष करायचा आणि तिने असं वागायचं. बाथरूममध्ये पाणी वाहत होतं. मी टॉवेल अंथरला.

नळी तांदळाच्या कणीएवढी होती, लागेल त्याहून किंचित लांब कापलेली. भोकात ती घट्ट गेली. आत नीट बसली आणि बाहेर अगदी थोडी उरली. मग मी बर्निशर घेतला. सोन्याच्या तुकड्याची कड दातावर बसवतात तशी त्या नळीची कड गोल गोल दाबत मी उतारावर पसरवत गेले. मी मूर्खपणाने दिलेला तो उतारच आता नळीला धरून ठेवत होता. डिंक नाही, सिमेंट नाही. हात थरथरला नाही, घाम आला नाही. बाथरूममधलं पाणी थांबलं तेव्हा मी अंगठ्याचं नख त्या कडीवरून फिरवत होते, आणि ते कुठेच अडकत नव्हतं.

तो टॉवेल गुंडाळून बाहेर आला. मी टँक भरून ठेवला होता. त्याने उभ्या उभ्या झुरका मारला, डोळे मिटले आणि वाफ सोडली. मग म्हणाला, 'पहिल्यापेक्षाही छान झालंय.' कडी दिव्याखाली धरून त्याने ती चहूबाजूंनी फिरवली आणि म्हणाला, 'काय हात आहे गं त्या बाईचा.'

माझ्या बोटांना पितळेचा वास येत होता. मी हात पदराआड घेतले. हे मी केलंय असं सांगायचं तर ते मीच बिघडवलं होतं हेही सांगायचं, आणि का बिघडवलं तेही. शिवाय त्या काचेच्या आडोशामागे मी त्याचे बूट पाहिले होते. सिगारेट माझ्यामुळे पुन्हा सुरू झाली असं म्हणायला त्याला कारण मिळालं असतं, आणि ते कारण मला त्याला द्यायचं नव्हतं. मी म्हटलं, 'हो. आत नळी बसवलीय. छान आहे.' आणि सेंबेचं पाकीट फोडलं.

दुसऱ्या दिवशी मी नारळाच्या वड्या केल्या आणि तिच्याच डबीत भरून पाठवल्या. आत हिरागानात चिठ्ठी लिहिली: बसली. आभार मानायचे होते, मानले नाहीत. आम्ही जपान सोडून निघालो तेव्हा ती निरोप द्यायला आली होती. तिने माझा हात हातात घेऊन बोटांकडे बघितलं, मग नवऱ्याकडे बघितलं आणि हवापाण्याबद्दल बोलली. गुपित ठेवायची तिची ती रीतसुद्धा माझ्यात नव्हती. त्याचाही मला हेवा वाटला.

सिगारेट पुन्हा लागली नाही. पुढे वर्षभरात ई-सिगारेटही सुटली. चट्टा गेला, कुठे होता ते आता मलाही टॉर्चशिवाय सांगता येत नाही. मी ठाण्याला परत माझ्या दवाखान्यात बसते. टँक आम्ही तिथेच कचऱ्यात टाकला, रीतसर धातू, काच वेगळं करून. ती कडी मात्र त्याने आणली आणि किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवली. घरी पाहुणे आले की तो किल्ल्या काढतो आणि गोष्ट सांगतो: अकरा वर्षं बायको ओरडत होती, तिच्याने झालं नाही, एका जपानी बाईने एक भोक पाडलं आणि सिगारेट सुटली. मग म्हणतो की यात एक नळी बसवलेली आहे, सांधा शोधून दाखवा.

परवा त्याच्या मावसभावाने भिंग आणवलं. बराच वेळ बघितलं, नख फिरवलं, सापडला नाही. माझा नवरा खूश होऊन म्हणाला, 'जपानी हात. आपल्याकडे असं काम होत नाही.' मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. तिने कोरलेलं भोक आता त्या कडीत शिल्लकच नाही. ते मी माझ्या बराने पार कोरून काढलं होतं. नळी तेवढी तिने कापलेली, पण सांधा सगळा माझा. तो कुठे आहे ते मी डोळे मिटून दाखवीन. तरी तिचं नाव घेतलं की अजून माझ्या अंगाचा तिळपापड होतो. मी ट्रे खाली ठेवला आणि मावसभावाला विचारलं, साखर किती.